पिस्तूल कोणतं घ्यावं? साध्या प्रश्नाचा रिसर्च प्रॉब्लेम कसा होतो

पीएच.डी.च्या कोर्सवर्कमध्ये सगळ्यात जास्त वेळ कशात जातो, तर प्रॉब्लेम शोधण्यात. बहुतेक जण विषय घेऊन येतात, प्रश्न नाही. "माझं काम नॅनोपार्टिकल्सवर आहे" हा विषय झाला. काही जण उलट करतात: प्रश्न घेऊन येतात, पण तो मोजता येण्यासारखा नसतो. आज या दुसऱ्या प्रकाराबद्दल लिहिते, आणि त्यासाठी मुद्दाम आपल्यापैकी कोणाच्याच सिनॉप्सिसमध्ये नसलेला प्रश्न घेतलाय.

अकोल्याचा एक ज्युनियर आहे. एम.एस्सी. फिजिक्स झालंय, पेटची तयारी चालू आहे. त्याच्या काकांचं अडतीचं दुकान. तूर-सोयाबीनच्या सीझनमध्ये संध्याकाळी रोकड घेऊन घरी यावं लागतं. काकांनी शस्त्र परवान्यासाठी अर्ज करायचं मनावर घेतलं आणि पुतण्याला कामाला लावलं. त्याचा मला मेसेज: "ताई, काका इचारून राह्यले का कपड्याखाली ठेवाले पिस्तूल कोनतं चांगलं. तुमाले फिजिक्स येते, सांगा ना."

आता यूट्यूबवर या प्रश्नाची हजार उत्तरं आहेत. जवळपास सगळी अमेरिकेतली, आणि जवळपास सगळी "मला हे आवडतं" या धर्तीची. आपण मात्र हा प्रश्न सिनॉप्सिस कमिटीसमोर ठेवायचा आहे असं समजू. गाईड पहिलं काय विचारतील? "चांगलं म्हणजे काय?" चांगलं म्हणजे जोरदार मारणारं, की न अडकणारं, की हलकं, की झाकून राहणारं? की ज्यामुळे काका जास्त सुरक्षित राहतील ते? हे पाच वेगळे व्हेरिएबल आहेत, आणि यातले दोन-तीन एकमेकांच्या विरुद्ध दिशेने ओढतात.

पण त्याच्याही आधी शब्द साफ करू. सेमी-ऑटोमॅटिक म्हणजे चाप एकदा ओढला की एकच गोळी सुटते; पण रिकामी पुंगळी बाहेर फेकणं आणि मॅगझिनमधलं पुढचं काडतूस नळीत नेणं हे काम पिस्तूल स्वतः करतं. चाप दाबून धरला की गोळ्या सुटत राहतात ते ऑटोमॅटिक, आणि ते सामान्य नागरिकाला मिळत नाही. रिव्हॉल्व्हर म्हणजे फिरतं चक्र असलेलं. तांत्रिक भाषेत ते सेमी-ऑटोमॅटिक पिस्तूल नव्हे. आपल्याकडच्या बातम्यांमध्ये मात्र पिस्तूल, रिव्हॉल्व्हर, देशी कट्टा हे शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरलेले दिसतात. तुम्ही पेपरच्या कात्रणांवरून डेटा गोळा करणार असाल तर इथेच पहिला खड्डा आहे.

दुसरा खड्डा 'बोअर'चा. आपल्याकडे लोक म्हणतात, "बत्तीस बोअरचं आहे." कशाचं? पिस्तुलाचं बत्तीस बोअर काडतूस वेगळं, रिव्हॉल्व्हरचं वेगळं. पिस्तुलातलं जॉन ब्राउनिंगने डिझाइन केलेलं, १८९९ मध्ये बाजारात आलेलं. त्याची पुंगळी १७ मिलिमीटरची. रिव्हॉल्व्हरमधलं स्मिथ अँड वेसन लाँग, पुंगळी २३ मिलिमीटरची. एकाचं दुसऱ्यात चालत नाही. '९ एमएम'चंही तेच. १७ मिलिमीटर पुंगळीचं छोटं नाइन एमएम आणि १९ मिलिमीटरचं पॅराबेलम यांच्या ताकदीत बराच फरक आहे, आणि 'नाइन एमएम' म्हटलं की ऐकणारा आपल्या डोक्यातलं धरून चालतो. संशोधनात याला ऑपरेशनल डेफिनिशन म्हणतात: शब्द वापरण्याआधी तो कशाने मोजणार ते लिहून ठेवणं. आपल्याकडे हे परीक्षेपुरतं पाठ केलं जातं. इथे शब्द चुकला तर काडतूसच बसत नाही.

आता मर्यादा. ऑप्टिमायझेशन शिकलेल्यांना माहीत आहे, की आधी फीझिबल सेट काढायचा, मग त्यात सर्वोत्तम शोधायचं. अमेरिकेतल्या गिऱ्हाइकासमोर शेकडो मॉडेलं असतात. अकोल्याच्या काकांसमोर किती?

शस्त्र अधिनियम १९५९ नुसार परवाना लागतो. अकोल्यात अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो. अमरावती शहरात पोलीस आयुक्तालय असल्यामुळे तो आयुक्तांकडे. पोलिसांचा अहवाल येतो, आणि २०१६ च्या शस्त्र नियमांनी सुरक्षित हाताळणीचं प्रशिक्षण घेणंही आवश्यक केलंय. कायदा सगळ्या शस्त्रांकडे एका नजरेने बघत नाही. रानडुकरांपासून आणि रोह्यांपासून पीक वाचवायला शेतकऱ्याला भरमार बंदूक हवी असेल तर तिचा मार्ग कायद्यात वेगळा सांगितला आहे. पिस्तुलासाठी "सबळ कारण" अधिकाऱ्याला पटवून द्यावं लागतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवता येतात आणि परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षं झाली. विनापरवाना शस्त्रासाठीची किमान शिक्षाही त्याच दुरुस्तीने वाढली. त्यामुळे सातपुड्यापलीकडून येणारा गावठी कट्टा हा काकांच्या फीझिबल सेटमध्ये नाही, तो तुरुंगाचा रस्ता आहे. शिवाय चालवणाऱ्याच्याच हातात फुटू शकतो.

पुढची अट बोअरची. ९ एमएम पॅराबेलम हे प्रतिबंधित बोअर आहे. म्हणजे इंटरनेटवर ज्याची सगळ्यात जास्त तारीफ चालते तेच काकांना मिळणार नाही. परदेशी पिस्तुलांची आयात सामान्य नागरिकांसाठी ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून जवळपास बंद आहे. त्यामुळे जुनी विलायती पिस्तुलं एका परवानाधारकाकडून दुसऱ्याकडे जातात, आणि किंमत वयाबरोबर चढत जाते. (इथे किंमत म्हणजे दर्जा असं समजू नका. ती टंचाईची किंमत आहे. इकॉनॉमिक्सवाल्यांना हा स्वतंत्र पेपर होईल.) उरतं काय? सरकारी आयुध निर्माणीचं बत्तीस बोअर पिस्तूल 'अशनी', कानपूरची बत्तीस बोअर रिव्हॉल्व्हरं, आणि अलीकडे खासगी देशी कंपन्यांनी आणलेली काही मॉडेलं.

आणि कपड्याखाली ठेवण्याचं म्हणाल, तर अमेरिकेत त्यावर राज्याराज्यांत वाद चालतात. आपल्याकडे २०१६ चे नियम सांगतात की सार्वजनिक ठिकाणी हँडगन होल्स्टरमध्ये किंवा तशा पिशवीत, पूर्ण झाकलेलं आणि आपल्या ताब्यात असलं पाहिजे. म्हणजे 'झाकून नेणं' हा पर्यायच नाही, ती अट आहे. लग्नात काढून हवेत बार काढणारे मोठ्या हौसेने व्हिडिओ टाकतात, त्यांच्यासाठी २०१९ पासून वेगळं कलम आहे.

बघा, प्रश्न किती बदलला. "जगातलं कोणतं पिस्तूल चांगलं" इथून आपण "बत्तीस बोअरच्या चार-पाच पर्यायांत फरक आहे का, आणि तो काकांच्या कामाचा आहे का" इथे आलो. लिटरेचर रिव्ह्यू करताना हे आधी केलं तर निम्मे पेपर वाचायचे वाचतात.

आता फिजिक्स, कारण ज्युनियरने तेच मागितलं होतं. बत्तीस बोअर पिस्तुलाची गोळी साधारण ४.६ ग्रॅमची, वेग २८० मीटर प्रति सेकंद धरू. संवेग आला १.२९ किलोग्रॅम-मीटर प्रति सेकंद, गतिज ऊर्जा सुमारे १८० ज्यूल. पॅराबेलमची गोळी ७.४५ ग्रॅम, वेग ३५० धरला तर संवेग २.६१ आणि ऊर्जा सुमारे ४५६ ज्यूल. संवेग दुप्पट, ऊर्जा अडीच पट. पिस्तूल ७०० ग्रॅमचं धरलं तर धक्क्याची ऊर्जा संवेगाचा वर्ग भागिले दोनदा वस्तुमान: एका बाजूला सुमारे १.२ ज्यूल, दुसऱ्या बाजूला ४.९. चौपट! बारुदाच्या वायूचा संवेग मी सोडून दिलाय, त्यामुळे खरे आकडे थोडे जास्त येतील, पण गुणोत्तराची कल्पना येते.

यातूनच पिस्तुलाची रचना ठरते. गोळी पुढे जाते तेव्हा वरची सरकणारी स्लाइड मागे येते. स्लाइड ३०० ग्रॅमची धरा. बत्तीस बोअरमध्ये ती ४.३ मीटर प्रति सेकंदाने मागे येईल. नुसतं स्लाइडचं वजन आणि स्प्रिंग यांवर भागतं. याला ब्लोबॅक म्हणतात. पॅराबेलममध्ये तोच वेग ८.७ येतो, म्हणजे गोळी नळीतून बाहेर पडायच्या आतच पुंगळी जास्त उघडी पडायची भीती. म्हणून तिथे नळी आणि स्लाइड काही क्षण एकत्र अडकवून ठेवणारी व्यवस्था लागते. ही कल्पनाही ब्राउनिंगचीच. त्या माणसाचं नाव आपल्याकडच्या इतिहासातही आहे: २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद थिएटरात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर झाडलं ते ब्राउनिंग पिस्तूल होतं. 'अशनी'ची साधी ब्लोबॅक रचना त्याच जुन्या घराण्यातली.

हलकेपणाचं मात्र सगळेच गोड बोलतात. जानेवारी २०१४ मध्ये कानपूरहून 'निर्भीक' नावाचं बत्तीस बोअर रिव्हॉल्व्हर आलं. टायटॅनियम मिश्रधातूचं, ५०० ग्रॅम, किंमत सव्वा लाखाच्या आसपास, आणि जाहिरात 'महिलांसाठी'. दिल्लीच्या डिसेंबर २०१२ च्या घटनेनंतरचा तो काळ. पर्समध्ये मावेल हे खरं. पण वरचं सूत्र बघा: संवेग तोच ठेवून वस्तुमान ७५० वरून ५०० ग्रॅमवर आणलं तर धक्क्याची ऊर्जा दीडपट होते. जे नेताना सोपं ते चालवताना अवघड. आणि एका मुलीच्या नजरेने सांगायचं तर, सव्वा लाखाची वस्तू आणि वर्ष-दोन वर्षांची परवान्याची वाट, यात 'महिलांची सुरक्षा' नेमकी कोणत्या महिलांची, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला आणि तो रास्त होता.

इथवर गणित सोपं होतं. आता खरा चिखल: 'स्टॉपिंग पॉवर'. हल्लेखोराला थांबवण्याची ताकद. ऐकायला फिजिकल क्वांटिटी वाटते, पण हिचं एकक सांगा? नाही सांगता येत. ज्यूल नाही, न्यूटन-सेकंद नाही. शंभर वर्षांहून जास्त काळ लोक ती मोजायचा प्रयत्न करताहेत, आणि त्यांच्या चुका रिसर्च मेथडॉलॉजीच्या कोणत्याही पुस्तकापेक्षा चांगलं शिकवतात.

१९०४ मध्ये अमेरिकी सैन्यातल्या थॉम्पसन आणि लागार्ड या दोघांनी शिकागोच्या कत्तलखान्यात जनावरांवर आणि मृतदेहांवर गोळ्या झाडून पाहिल्या आणि निष्कर्ष काढला, की पॉइंट फोर फाइव्हपेक्षा लहान गोळी नको. जनावरं मोजकी, गोळी लागण्याची जागा दरवेळी वेगळी, झाडण्याची पद्धत मध्येच बदललेली. आज हा प्रयोग कोणत्याही रिव्ह्यूअरकडून पास होणार नाही. पण निष्कर्ष पुढची कित्येक दशकं चालला, कारण तो लोकांना आधीच पटलेला होता.

मग १९९२ मध्ये मार्शल आणि सॅनाव यांचं पुस्तक आलं. त्यांनी प्रत्यक्ष गोळीबाराच्या घटना जमवल्या आणि प्रत्येक काडतुसाला टक्केवारी दिली: एकाच गोळीत माणूस थांबला अशा घटना किती. डेटा माणसांचा, आकडे स्वच्छ, टक्के थेट. आणखी काय हवं? आता त्यांची पद्धत बघा. धडावर एकच गोळी लागली असेल तीच घटना मोजायची. जास्त गोळ्या लागल्या असतील तर ती वगळायची. दोन मिनिटं थांबा आणि यात काय बिघडलं ते स्वतः शोधा.

पहिल्या गोळीने माणूस थांबला नाही, तर झाडणारा काय करेल? दुसरी झाडेल. म्हणजे घटना यादीतून बाहेर! अपयशच वगळलं जातंय. जे काडतूस पहिल्या गोळीत जास्त वेळा फसतं, त्याची फसलेली उदाहरणंच जास्त गाळली जातात, आणि सगळ्यांचे टक्के फुगतात. हा सिलेक्शन बायस इतका सुंदर आहे, की मी तो ज्युनियरना मुद्दाम आधी न सांगता देते. मार्टिन फॅकलर या लष्करी सर्जनने या पुस्तकावर सडकून टीका केली. तरी ते टक्के आजही तुम्हाला कुठे ना कुठे दिसतील, मूळ पद्धतीचा उल्लेख न करता.

फॅकलर यांचं स्वतःचं काम वेगळ्या दिशेचं. ते म्हणाले, थांबलं की नाही ते सोडा. गोळी पेशींमध्ये किती खोल जाते आणि किती जागा कायमची फाडते एवढंच मोजू. त्यासाठी १० टक्के जिलेटिनचा ठोकळा, ४ अंश सेल्सिअसला ठेवलेला. आणि प्रत्येक ठोकळ्याची आधी परीक्षा: छऱ्याच्या बंदुकीची छोटी पोलादी गोळी साधारण १८० मीटर प्रति सेकंदाने मारायची, ती सुमारे ८.५ सेंटिमीटर आत गेली पाहिजे. नाही गेली तर ठोकळा बाद. हे मला फार आवडतं. आपल्या लॅबमध्ये कॅलिब्रेशन वर्षातून एकदा, ऑडिटच्या आदल्या दिवशी होतं; इथे प्रत्येक नमुन्याचं. (मे महिन्यात अकोल्यात ४५ अंशांत हा प्रयोग कोणी करणार असेल तर बर्फाचं बजेट प्रपोजलमध्ये टाका.)

या कामाला वजन आलं ते एका घटनेमुळे. ११ एप्रिल १९८६ रोजी मायामीत एफबीआयचे एजंट आणि दोन दरोडेखोर यांच्यात गोळीबार झाला. दोन एजंट मारले गेले, पाच जखमी झाले. एका दरोडेखोराला सुरुवातीलाच ९ एमएमची गोळी लागली होती; ती दंडातून छातीत शिरली आणि हृदयापर्यंत पोचण्याआधी थांबली. तो लढत राहिला. त्यानंतर एफबीआयने निकष ठरवला: जिलेटिनमध्ये किमान १२ इंच खोली, जास्तीत जास्त १८. आधी जड १० एमएमकडे गेले, ते बहुतेकांना झेपेना. मग १९९० मध्ये आलेलं पॉइंट फोर झिरो धरलं. आणि २०१५ च्या सुमारास पुन्हा ९ एमएमवर आले. या परतीच्या समर्थनात त्यांनी २०१४ मध्ये जे लिहिलं त्यातली एक गोष्ट सगळ्यात बोलकी: प्रत्यक्ष चकमकीत पोलिसांच्या ७० ते ८० टक्के गोळ्या लक्ष्याला लागतच नाहीत.

म्हणजे तीस वर्षं वाद चालला गोळी लागल्यावर काय होतं याचा, आणि व्हेरिएन्सचा मोठा हिस्सा होता गोळी लागते की नाही यात. एका घटनेवरून धोरण ठरलं की असं होतं. एन बरोबर एक असताना ती घटना कितीही भयंकर असो, तिच्यावरून गृहीतक मांडता येतं, सिद्ध करता येत नाही. आणि निशाणा सरावाने सुधारतो, बोअरने नाही. बत्तीस बोअरच्या मर्यादित पर्यायांतली निवड करताना काकांना हे एक वाक्य कळलं तरी पुरे.

सरावावरून विश्वासार्हतेकडे येते. दुकानदार म्हणतो, "पन्नास राऊंड मारले, एकदाही अडकलं नाही." ठीक. यावरून अडकण्याची शक्यता शून्य म्हणायची का? संख्याशास्त्रात याला तीनचा नियम म्हणतात: एन प्रयत्नांत एकही अपयश आलं नसेल, तर ९५ टक्के खात्रीने एवढंच म्हणता येतं, की अपयशाचा दर ३ भागिले एन पेक्षा कमी आहे. पन्नास गोळ्यांसाठी ते आलं ६ टक्के. म्हणजे सोळा-सतरा गोळ्यांमागे एक अडकणारं पिस्तूलही या चाचणीत कधीतरी पास होऊ शकतं. एक टक्क्याच्या खाली आहे म्हणायला ३०० गोळ्या लागतील, त्याही एकदाही न अडकता. आणि काकांच्या परवान्यावर काडतुसांचा कोटा लिहिलेला असणार. काडतूस महाग, रेंज जवळ नाही. ज्या शस्त्रावर जीव सोपवायचा, त्याची परीक्षा घेण्याइतका नमुनाच कायद्याने आणि खिशाने मिळत नाही! अकोल्याहून भुसावळला जाताना वरणगाव लागतं, तिथल्या आयुध निर्माणीत लहान शस्त्रांची काडतुसं बनतात. कारखान्याच्या जवळ राहून काडतूस दुर्मीळ, हे आपलंच नशीब. हाच नियम तुमच्या कामालाही लावा. "वीस पेशंटमध्ये साइड इफेक्ट दिसला नाही" म्हणजे १५ टक्क्यांपर्यंत असू शकतो.

झाकून ठेवण्याची किंमत वेळात मोजावी लागते. सॉल्ट लेक सिटीचे पोलीस सार्जंट डेनिस टुलर यांनी १९८३ मध्ये लिहिलं, की २१ फुटांवरून धावत येणारा माणूस सुमारे दीड सेकंदात पोचतो, आणि तेवढ्यातच सरावलेला माणूस पिस्तूल काढून झाडू शकतो. तेही उघड्या होल्स्टरमधून. शर्ट, वर जॅकेट, हातात पैशांची थैली, मोटारसायकलवर बसलेले काका, आणि मागून आलेले दोघे. इथे गणित करायची गरज नाही.

आता तो प्रश्न, जो यादीत पाचवा होता आणि खरं तर पहिला असायला हवा होता: पिस्तूल जवळ असण्याने माणूस जास्त सुरक्षित होतो का?

यावर अमेरिकेतले तीन अभ्यास संशोधनाच्या विद्यार्थ्याने वाचावेत असे आहेत. केलरमन आणि सहकारी, १९९३: घरात बंदूक असणं आणि घरात खून होणं यांचा संबंध, जोखीम सुमारे २.७ पट. ब्रनास आणि सहकारी, २००९, फिलाडेल्फिया: हल्ल्यात गोळी लागलेले ६७७ जण आणि तुलनेसाठी ६८४ जण, बंदूक जवळ असलेल्यांना गोळी लागण्याची शक्यता ४.४६ पट. दोन्ही केस-कंट्रोल. आणि दोन्हींवर पहिला आक्षेप तुम्हीही घ्याल: ज्याला आधीच धोका आहे तोच बंदूक घेतो, मग धोका बंदुकीमुळे की बंदूक धोक्यामुळे? रिव्हर्स कॉजेशन. छत्री घेणारे जास्त भिजतात असं दिसलं म्हणून छत्री पाऊस पाडत नाही. लेखकांनी काही घटक नियंत्रित केलेत, पण शंका पूर्ण जात नाही.

तिसरा अभ्यास मला जास्त मजबूत वाटतो. स्टडर्ट आणि सहकारी, २०२०, कॅलिफोर्निया: २ कोटी ६३ लाख प्रौढ, बारा वर्षांचा मागोवा, हँडगन खरेदीची सरकारी नोंद. ज्यांच्या नावावर हँडगन होतं अशा पुरुषांमध्ये बंदुकीने आत्महत्येचं प्रमाण नसलेल्यांच्या सुमारे आठ पट, स्त्रियांमध्ये पस्तीस पट. मरायचंच म्हणून घेतलं असेल, ही शंका इथेही येते. पण अशा मृत्यूंपैकी निम्म्याहून जास्त खरेदीनंतर एक वर्ष उलटल्यावर झाले होते. बाहेरच्या चोरासाठी घेतलेली वस्तू वाईट दिवसात घरातच होती.

हे कॅलिफोर्नियाचं, अकोल्याचं नाही. एक्स्टर्नल व्हॅलिडिटीचा प्रश्न रास्त आहे. पण वऱ्हाडात हे वाक्य वाचून पुढे जाणं मला जमत नाही. आपल्या पाच जिल्ह्यांत शेतकरी आत्महत्यांची नोंद विभागीय आयुक्त कार्यालय २००१ पासून ठेवतंय. इथे साधन कीटकनाशक आहे, जे घरात, हाताशी असतं. श्रीलंकेने अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी घातल्यावर तिथल्या आत्महत्यांचा दर मोठ्या प्रमाणात उतरला, हे भरपूर अभ्यासलं गेलंय. टोकाचा क्षण अनेकदा टळून जातो. त्या क्षणी हाताशी काय आहे यावर बरंच अवलंबून असतं. ज्या भागात सीझन बुडाला की घरंच्या घरं हादरतात, तिथे घरात पिस्तूल आणण्याचा विचार फक्त चोराच्या बाजूने करणं अर्धवट आहे. (वाचणाऱ्यापैकी कोणाचे दिवस वाईट चालले असतील तर टेली-मानस, १४४१६, मराठीतही बोलता येतं.)

ज्युनियरला मी जे लिहिलं ते थोडक्यात असं: बाजार समितीचे व्यवहार जमतील तेवढे थेट खात्यात घ्या, रोकड नेण्याची वेळ आणि रस्ता रोज तोच ठेवू नका, एकटे जाऊ नका. हे तिन्ही उपाय हल्ला होण्याची शक्यताच कमी करतात. पिस्तूल हल्ला झाल्यानंतरच्या दीड सेकंदासाठी आहे. तरी परवाना घ्यायचाच असेल, तर हलकेपणावर भाळू नका, हाताला बसणारं आणि सर्व्हिसिंग मिळणारं घ्या, चापावर बाहेरून काही अडकणार नाही असं होल्स्टर घ्या, घरी शस्त्र आणि काडतुसं वेगवेगळ्या कुलपात. आणि निवडणूक लागली की ते बऱ्याचदा ठाण्यात जमा करावं लागतं, तेवढे दिवस काका काय करणार, याचंही उत्तर आधीच काढून ठेवा. जे उत्तर तेव्हा चालतं, ते एरवी का चालणार नाही?

आता हा विषय कोणाला खरंच घ्यायचा असेल तर. "वऱ्हाडातील परवानाधारक शस्त्रं : एक अभ्यास" असं शीर्षक घेऊन आलात तर तुमची कमिटी तुम्हाला परत पाठवेल, आणि बरोबरच करेल. त्याऐवजी असा प्रश्न बघा: अकोला आणि अमरावती जिल्ह्यांत रोकड-लुटीच्या नोंदवलेल्या गुन्ह्यांपैकी कितींमध्ये पीडिताकडे परवानाधारक शस्त्र होतं, आणि त्या घटनांचा शेवट वेगळा झाला का? इथे युनिट ठरलं, एक्स्पोजर ठरलं, आउटकम ठरला. अडचणही लगेच दिसते. शस्त्र पाहून पळून गेलेल्या चोराची एफआयआर होत नाही, म्हणजे यशस्वी घटना नोंदीतच नाहीत. हा मार्शल-सॅनावचा बायस, फक्त आरशात उलटा. तो भरून काढायला परवानाधारकांचा वेगळा सर्व्हे लागेल, आणि तिथे लोक शौर्य वाढवून सांगतील.

एनसीआरबीच्या काही वार्षिक अहवालांत बंदुकीने झालेल्या खुनांची परवानाधारक आणि विनापरवाना अशी फोड मिळते. विनापरवाना शस्त्रांचा वाटा फार मोठा आहे. पण तो अंश आहे, छेद नाही. बाहेर किती कट्टे फिरतात हे कोणी मोजलेलं नाही, त्यामुळे "परवानाधारक शस्त्रं सुरक्षित" हा निष्कर्ष त्या तक्त्यातून निघत नाही. अमरावतीत प्रादेशिक न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा आहे. नमुना कोणत्या गुन्ह्यातून येतो आणि कोणत्या स्थितीत येतो, एवढं समजून घ्यायला गाईडच्या पत्रावर भेट मागून बघा. जिल्हाधिकारी कार्यालयाकडे माहिती अधिकारात अर्ज करताना परवानाधारकांची नावं मागू नका, एकत्रित आकडे मागा: कोणत्या कारणासाठी किती अर्ज, किती मंजूर, किती नामंजूर, तालुकावार. नावं मिळणार नाहीत, आणि मिळाली तरी ती तुमच्या लॅपटॉपवर असणं हाच एक धोका आहे. कोणाच्या घरी शस्त्र आहे याची यादी चोरालाही हवी असते. एथिक्स कमिटीच्या फॉर्ममध्ये 'डेटा कुठे ठेवणार' हा रकाना असतो. तो आधी भरा, मग प्रश्नावली लिहायला घ्या.